शाळेतून आलेल्या कागदावर सही करावी का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळच्या दवाखान्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. प्रकृतीची तक्रार काही नव्हती. गर्दी ओसरेपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, पोरीच्या शाळेतनं हा कागद आलाय. सातवीच्या सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेणार म्हणे. मन कसं आहे ते तपासणार. आमची पोरगी चांगली शहाणी आहे हो! उद्या वर्गात कुणी तिला वेडी म्हटलं तर? सही करू की नको?"

मी कागद वाचला. पालकांच्या संमतीचा साधा नमुना होता. मी म्हटले, "सही जरूर करा. पण सही करण्याआधी शाळेत जाऊन चार प्रश्न विचारा." ते चार प्रश्न मी त्यांच्याच कागदाच्या मागे लिहून दिले. अशी शंका इतर पालकांच्याही मनात असणार, म्हणून आजच्या लेखात हाच विषय घेतला आहे.

पहिली नोंद कशासाठी?

वाचकहो, डॉक्टरकडे गेल्यावर तुमचे वजन घेतात, रक्तदाब मोजतात. आजार असो वा नसो, तो आकडा केसपेपरवर लिहून ठेवतात. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण दोन वर्षांनी तोच माणूस थकवा येतो म्हणून परत आला, तर त्या जुन्या आकड्याला सोन्याचे मोल येते. आजचे वजन ५५ किलो आहे, एवढ्यावरून मला फारसे काही कळत नाही. तेच वजन दोन वर्षांपूर्वी ६६ होते असे दिसले, तर मी खुर्चीत सरसावून बसतो.

अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो. रंगीत पट्टे असलेला तो कागद बऱ्याच आयांनी पाहिलेला आहे. त्यात एका महिन्याच्या ठिपक्याला फारसे महत्त्व नसते. रेघ वर चालली आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, हे पाहायचे असते. आणि रेघ काढायची तर पहिला ठिपका हवाच.

शाळेतल्या मुलाच्या बाबतीतही हेच आहे. असे पहिले ठिपके दोन प्रकारचे. एक अभ्यासाचा, म्हणजे मूल आज कुठे उभे आहे, काय येते, काय येत नाही. यालाच आपल्याकडे पायाभूत चाचणी म्हणतात. राज्यातल्या शाळांना हा शब्द २०१५ सालापासून चांगला परिचयाचा आहे. दुसरा ठिपका मुलाच्या एकूण स्वास्थ्याचा. झोप, भूक, मैत्री, उत्साह, भीती, चिडचिड यांची नोंद. पहिल्या प्रकाराबद्दल कोणी घाबरत नाही, दुसऱ्याचे नाव काढले की पालक बिचकतात. खरे तर दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे, हे मी एक चूक करून शिकलो.

माझी चूक

पुष्कळ वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन येत असे. तक्रार पोटदुखीची. सकाळी उठले की बेंबीजवळ दुखायचे. मी पोट तपासले, जंताचे औषध दिले, पित्ताचे औषध दिले. शौचाची, लघवीची तपासणी करवली. एकदा सोनोग्राफीही करून घेतली. सारे नॉर्मल. "काही नाही, काळजी करू नका," असे म्हणून मी त्यांना घरी पाठवीत असे. एकदा तर मी आईला हसत म्हणालो, "शाळा बुडवायचं नाटक दिसतंय." मुलगा समोरच उभा होता.

हे तीन वर्षे चालले. आठवीत त्याने शाळा सोडली आणि पोटदुखीही थांबली. मला वाटले, वय वाढले, बरा झाला.

काही वर्षांनी तो पुन्हा आला. आता तरुण झाला होता, वर्कशॉपमध्ये कामाला होता. हाताला पत्रा लागला होता, टाके घातले. कामाच्या ठिकाणी द्यायचा एक कागद त्याने पुढे केला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा." मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. तो म्हणाला, "मला वाचायला कधी जमलंच नाही. पाचवीत सर रोज पहिल्या तासाला उभं करून धडा वाचायला लावायचे. पोरं हसायची."

तीन वर्षे मी त्याच्या पोटाला औषध देत होतो. रविवारी दुखते का, मे महिन्यात दुखते का, हे दोन प्रश्न मी कधी विचारलेच नाहीत. शाळेनेही पाचवीच्या जून महिन्यात त्याला काय वाचता येते याची नोंद केली नव्हती. त्याला वाचनाचा जन्मजात दोष होता की पायाच कच्चा राहिला होता, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. ते सांगण्याची वेळ निघून गेली.

आणि हे शोधायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. २००५ सालापासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी खेडोपाडी घरोघर होत आली आहे. तिच्यात वाचनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून कागद पुढे ठेवायचा. काही मिनिटांत मूल कोणत्या पायरीवर आहे ते कळते. कुणासमोर उभे करावे लागत नाही, कुणी हसत नाही. त्या मुलासाठी एवढे केले असते तर त्याचे पोट कदाचित दुखले नसते.

स्वास्थ्य मोजतात तरी कसे?

मन काही तराजूत घालता येत नाही, हे खरेच. पण ताप थर्मामीटरने मोजतो तेव्हा तरी आपण कुठे रोग मोजतो? ताप आहे एवढेच कळते. तो मलेरियाचा की घशाचा, हे पुढे शोधावे लागते. या प्रश्नावल्यांचेही तसेच आहे.

जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात २५ छोटी विधाने आहेत. प्रत्येकापुढे 'खरे नाही', 'थोडेफार खरे', 'अगदी खरे' यांपैकी एकावर खूण करायची. विधानांचे पाच गट: भीती-दुःखासारख्या भावना, वागणूक, चंचलपणा, सोबत्यांशी संबंध आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती. पहिल्या चार गटांतून अडचणींची बेरीज होते, ० ते ४०. पाचवा गट मुलाच्या चांगल्या बाजूचा असल्याने तो त्या बेरजेत धरत नाहीत. लहान मुलांसाठी पालक किंवा शिक्षक उत्तरे देतात, अकरा वर्षांपुढची मुले स्वतःही देऊ शकतात.

दुसरी त्याहून सोपी. जागतिक आरोग्य संघटनेच्या या प्रश्नावलीत पाचच विधाने आहेत आणि ती सगळी चांगल्या गोष्टींबद्दलची आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का, अशा आशयाची. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी आकडा येतो. तो पन्नासच्या खाली असेल तर अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे.

आता पहिल्या ठिपक्याचे महत्त्व पाहा. समजा, एका मुलीची ऑगस्टमधली बेरीज २२ आली, म्हणजे ८८ गुण. जानेवारीत ती १४ झाली, म्हणजे ५६. जानेवारीचाच कागद हाती असेल तर सगळे म्हणतील, ठीक आहे, पन्नासच्या वर आहे. पण ऑगस्टचा कागद शेजारी ठेवला तर ३२ गुणांची घसरण दिसते. दहा गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा समजतात. इथे काहीतरी झाले आहे. घरात आजारपण असेल, मैत्रीण तुटली असेल, कुणी त्रास देत असेल. उलट दुसऱ्या एखाद्या मुलीचे दोन्ही वेळा ६० असतील. ती मुळातच मितभाषी, शांत स्वभावाची असेल. तिच्यात बिघडलेले काही नाही. मुलाची तुलना शेजारच्या बाकावरच्या मुलाशी न करता त्याच्या स्वतःच्या कालच्या नोंदीशी करायची, हे या सगळ्याचे सार आहे.

शिक्का मारण्याचा धोका

त्या गृहस्थांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. हेतू चांगला होता. वर्गात मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी. बुद्धी ही कायमची ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे असे बिने स्वतः मानत नव्हते. पण पुढे अमेरिकेत त्याच चाचणीचा वापर माणसांवर जन्मभराचे शिक्के मारण्यासाठी झाला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी नव्याने बसवली आणि ती 'बिने-कामत' या नावाने ओळखली गेली. तिचा उपयोग मदतीसाठी करायचा की शिक्क्यासाठी, हे आजही वापरणाऱ्यावरच अवलंबून आहे. सुरीने भाजीही चिरतात आणि हातही कापतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्रश्नावलीतला आकडा म्हणजे निदान नव्हे. आकडा जास्त आला म्हणून मूल मनोरुग्ण ठरत नाही आणि कमी आला म्हणून सारे आलबेल आहे असेही नाही. कागदावर खुणा करताना काही मुले लपवतात, काही गंमत म्हणून काहीही भरतात. म्हणून कागदानंतर माणसाने मुलाशी बोलणे हे आलेच.

मनाआधी शरीर

आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. मुलाचे लक्ष लागत नाही म्हटले की कोणी आळशी म्हणतो, कोणी मानसिक म्हणतो. डोळे तपासायचे मात्र राहून जाते. शेवटच्या बाकावरून फळा धूसर दिसणारे मूल तक्रार करत नाही. कारण सगळ्यांना तसेच दिसते अशी त्याची समजूत असते. कान वाहणाऱ्या मुलाला अर्धे ऐकू येते, मग ते 'सांगितलेले ऐकत नाही' ठरते. रक्त कमी असलेली वयात येणारी मुलगी दुपारच्या तासाला पेंगते. सकाळी नुसता चहा पिऊन आलेले मूल दहा वाजल्यापासून जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसते. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणाऱ्याचे तर काही विचारूच नका.

यासाठी सरकारी सोय आहे. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मतः असलेले व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढ-विकासातील विलंब या चार गोष्टी शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांमध्ये तपासतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा यावे, अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात सडू देऊ नका. पुढच्या तपासणीला न्या.

मुलांना कशाचा ताण आहे?

२०२२ साली एनसीईआरटीने देशभरातल्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्याबाबत पाहणी केली. त्यांतल्या ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे काळजीचे कारण म्हणून सांगितले. वर्गात प्रश्न विचारायला कचरणारी मुले २८ टक्के निघाली. याचा अर्थ असा की, ज्याला समजले नाही तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्याला समजले असे आपण धरून चालतो. माझा पोटदुखीवाला मुलगा असाच गप्प बसलेला होता.

ते चार प्रश्न

आता त्या कागदामागे मी लिहून दिलेले प्रश्न सांगतो. प्रत्येक पालकाने ते विचारावेत आणि प्रत्येक मुख्याध्यापकांनी त्यांची उत्तरे तयार ठेवावीत.

पहिला प्रश्न: भरलेले कागद कोण पाहणार? उत्तर एक किंवा दोन जबाबदार शिक्षक, एवढेच असावे. कागद कुलपात राहावेत. स्टाफरूममध्ये चर्चा नको, वर्गात वाचन नको, गुणपत्रकावर नोंद नको.

दुसरा प्रश्न: पुन्हा केव्हा विचारणार? एकदाच विचारून फाइल बंद करायची असेल तर तो पहिला ठिपका वाया गेला. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, मुले रुळली, शिक्षकांना ओळखू लागली, की पहिली नोंद करावी. चार-सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र देऊ नये.

तिसरा प्रश्न: डोळे, कान, रक्त, वजन यांची तपासणी झाली आहे का? नसेल तर ती आधी करावी, निदान बरोबरीने तरी करावी.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: एखाद्या मुलाची अडचण दिसली तर पुढे कोण काय करणार? हे ठरलेले नसेल तर विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने विश्वासाने कागदावर दुःख लिहावे आणि कुणीच त्याला हाक मारू नये, यासारखी वाईट गोष्ट नाही. त्यानंतर ते मूल पुन्हा लिहिणार नाही. आणि जगण्याचा कंटाळा आला, स्वतःला इजा करावीशी वाटते, अशा अर्थाचे काही मुलाने लिहिले किंवा बोलून दाखवले, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलायचे, त्याला एकटे सोडायचे नाही आणि घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे जायचे. मात्र घरातूनच त्रास होत असल्याचे मूल सांगत असेल, तर आधी १०९८ वर बोलावे. "वयच असं आहे" म्हणून सोडून देऊ नये.

घरच्या घरी काय पाहाल?

प्रश्नावली नसली तरी आईबापांजवळ एक तपासणी कायम असते. मूल पूर्वीसारखे झोपते का? पूर्वीसारखे जेवते का? मित्रमैत्रिणींकडे जाते का? आवडीचा खेळ अजून आवडतो का? शाळेचे नाव काढल्यावर चेहरा कसा होतो? यांत 'पूर्वीसारखे' हा शब्द महत्त्वाचा. यांतल्या दोन-तीन गोष्टी बदलल्या आणि बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर आधी मुलाजवळ बसा. जाब विचारू नका, नुसते ऐका. मग वर्गशिक्षकांना भेटा. त्यानंतर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या मदतीसाठी जिल्हा रुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. वाचनाच्या किंवा गणिताच्या शिकण्यातला मूळचा दोष असलेल्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संरक्षण दिले आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलतीही मिळतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चष्मा लावायला आपण लाजतो का?

ते किराणा दुकानदार आठवड्याने पुन्हा आले. शाळेत जाऊन आले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुख्याध्यापकांनी समाधानकारक दिली. आरोग्य पथक पुढच्या महिन्यात यायचे होते, म्हणून प्रश्नावली त्यानंतर द्यायची ठरली. चौथ्या प्रश्नावर मुख्याध्यापक जरा थांबले आणि म्हणाले, "हे आम्ही ठरवलं नव्हतं, ते राहूनच गेलं होतं." आता दोन शिक्षिकांवर ती जबाबदारी सोपवली आहे. अडचण दिसलेल्या मुलाशी त्यांनी आठवड्याच्या आत बोलायचे, आणि गंभीर काही दिसले तर त्याच दिवशी.

"मग सही केलीत ना?" मी विचारले.

"केली. आणि घरी गेल्यावर पोरीला विचारलं, बाई, तुला शाळेत कसं वाटतं गं? सात वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, डॉक्टर. अर्धा तास बोलत होती."

मला वाटते, पहिली नोंद झाली ती तिथेच.